बारावीला ४१.८३ टक्के, आणि नर्सिंगलाच जायचंय

सोलापूरच्या अशोक चौकाजवळ राहणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "मॅडम, यंदा बारावी सायन्स पास झाले, पण ४१.८३ टक्केच पडले. इंग्रजी ३८, मराठी ५५, फिजिक्स ३६, केमिस्ट्री ३८, बायोलॉजी ४७, मॅथ्स ३७. सीईटी दिली नाही, कारण ती असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. ओबीसीचा दाखला आहे, पडताळणी झालेली नाही. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर होते, आता मिळेल ते काम करतात. एक जण घरी येऊन सांगून गेले, की एक वर्षाचा नर्सिंगचा कोर्स आहे, टक्के बघत नाहीत, सीट धरायला दहा हजार आत्ता भरा. आजी म्हणते नर्सचं कामच नको. मला नर्सिंगच करायचंय. मिळेल का ओ प्रवेश?"

बाळ, आधी ते दहा हजार. भरले नसतील तर भरू नकोस, आणि मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला त्या माणसाच्या हातात देऊ नकोस. दिला असशील तर उद्याच वडिलांना घेऊन जा आणि परत आण. का, ते पुढे सांगते. पण हे पहिलं काम.

मी २९ वर्षं नर्सिंग शिकवलं. त्यातली बरीच वर्षं प्रवेशाच्या टेबलावर कागद तपासायला बसले. समोर येणारी प्रत्येक मुलगी टक्के सांगायची. कुणी हळू आवाजात, कुणी आईच्या मागे उभी राहून. आणि दर वेळी मी म्हणायचे, टक्के राहू दे, गुणपत्रिका दाखव. कारण नर्सिंगच्या पात्रतेत एकूण टक्क्यांपेक्षा त्याखालचे वेगवेगळे आकडे बोलतात. तुझ्याही बाबतीत तसंच आहे. तू ४१.८३ हा आकडा धरून रडत बसली असशील, पण तुझं खरं अडलंय ते दोन गुणांवर आणि चौदा गुणांवर. कसं ते बघ.

बीएस्सी नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या तीन विषयांची बेरीज बघतात, आणि इंग्रजीत पास असावं लागतं. तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५. मागासवर्गीयांना राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत ४० टक्के, म्हणजे १२०. तुझी बेरीज कर: ३६, ३८ आणि ४७ मिळून १२१. म्हणजे ओबीसी म्हणून तू पात्र आहेस, एका गुणाने का होईना. खुल्यातून धरलं तर १४ गुण कमी आहेत. मराठीचे ५५ आणि मॅथ्सचे ३७ या हिशेबात कुठेच येत नाहीत.

आता जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी. तीन वर्षांची पदविका. सगळे म्हणतात जीएनएम सोपं, कमी टक्क्यांना तिकडे जा. त्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते, सायन्स असेल तर बरं. पण भारतीय परिचर्या परिषदेची अट अशी की बारावीला एकूण ४० टक्के हवेत आणि इंग्रजी विषयात स्वतंत्रपणे ४० टक्के हवेत. एकूण तुझे ४१.८३ आहेत, म्हणजे तिथे तू पार झालीस. इंग्रजीत ३८ आहेत. तिथे अडलीस. दोन गुण.

बघितलंस ना? 'अवघड' समजल्या जाणाऱ्या बीएस्सीला तू बसतेस आणि 'सोप्या' जीएनएमला बसत नाहीस. गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतंस तर उलटं सांगितलं असतं. म्हणून म्हणते, ऐकीव गोष्टींवर चालू नकोस. गुणपत्रिका समोर ठेव आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेजारी ठेव. ती इंग्रजीत असली तरी पात्रतेची दोन पानं डिक्शनरी घेऊन वाचता येतात.

तिसरा मार्ग एएनएमचा, म्हणजे ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवायफरीचा. दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी, आणि त्याला बारावी पास असलं की पुरतं. पात्रतेच्या दृष्टीने तो तुला आजही मोकळा आहे. एएनएमला कमी लेखणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. साधारण ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, आणि तिथे जी बाई लसीकरण करते, गरोदर बायकांची तपासणी करते, रात्री-बेरात्री बाळंतपणाला धावते ती एएनएम असते. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर आरोग्य पथकात पायांच्या फोडांना पट्ट्या बांधताना मी माझ्या जुन्या विद्यार्थिनी पाहिल्या आहेत. पण एएनएम निवडायची असेल तर ते काम आवडतं म्हणून निवड. मेमध्ये घाबरून निवडू नकोस. एएनएम झाल्यावर नोंदणी करून पुढे जीएनएमला जाता येतं, जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. वाट बंद होत नाही, पण लांबते: दोन, तीन आणि दोन, अशी सात वर्षं. एक वर्ष थांबून बीएस्सीला लागलीस तर एक आणि चार, पाच. जीएनएम करून पोस्ट बेसिक केलंस तर तीन आणि दोन, तीही पाचच, आणि त्यात तीन वर्षांनी नोकरी करायची मुभा. हा हिशेब आईवडिलांसमोर कागदावर मांड. त्यांना 'वर्ष वाया जातं' असं वाटतंय ते या आकड्यांनी थोडं निवेल.

सीईटीचं बोलू. बीएस्सी नर्सिंगचा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाकडून होतो. बारावीचे गुण फक्त दारात दाखवायचे असतात, आत गेल्यावर मेरिट सीईटीचं चालतं. ही गोष्ट तुझ्यासारख्या मुलीसाठी फार मोलाची आहे. १३६ गुणांची मुलगी आणि २४० गुणांची मुलगी दोघी सीईटीच्या हॉलमध्ये सारख्याच. पेपर १०० गुणांचा, पर्याय निवडायचा: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकी २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि हे लक्षात घे की त्यातले ४० गुण इंग्रजी आणि अ‍ॅप्टिट्यूडचे आहेत. फिजिक्सला घाबरणाऱ्या मुली तिथे हातपाय गाळून बसतात आणि हे ४० गुण तयारीशिवाय सोडून देतात. फॉर्म साधारण बारावीच्या परीक्षेच्या आसपास निघतो, निकालाच्या कितीतरी आधी. तुमच्यासारख्या घरांत ही सीईटी हुकते ती इथेच. निकाल लागल्यावर चौकशी सुरू होते आणि तोवर परीक्षा होऊन गेलेली असते. यात तुझी चूक नाही, कॉलेजने सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी मात्र डिसेंबरपासून दर आठवड्याला सीईटी कक्षाची वेबसाइट उघडून बघ, नेट कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नकोस.

मग यंदा काय करायचं? मला विचारशील तर, वर्ष घे. पण रिकामं घेऊ नकोस.

जून-जुलैमध्ये बोर्डाची पुरवणी परीक्षा असते. ती नापासांचीच असते असा समज आहे, पण पास झालेल्यांनाही श्रेणीसुधार योजनेतून तिला बसता येतं. त्यासाठी सगळे विषय घेऊन बसावं लागतं. गुण वाढले नाहीत तर आधीची गुणपत्रिका कायम राहते, म्हणजे गमावण्यासारखं काही नाही. फॉर्म तुझ्याच कॉलेजमधून भरायचा, आणि निकालानंतर लगेच, कारण मुदत थोडी असते. सोलापूर पुणे विभागीय मंडळात येतं, पण त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. जुलैत इंग्रजीत दोन गुण वाढले तरी जीएनएमची पात्रता तुझ्या पदरात पडते. आणि तीन विज्ञान विषयांत मिळून चौदा वाढले तर बीएस्सीसाठी तुला जातीच्या पडताळणीची वाट बघत बसावं लागत नाही, खुल्यातूनही पात्र ठरतेस. जुलैत जमलं नाही तर फेब्रुवारीची परीक्षा आहेच.

चौदा गुण म्हणजे किती, ते नीट समजून घे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या प्रत्येकात ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. तुझे प्रात्यक्षिकाचे वीस-वीस धरले तरी लेखीत तिन्ही मिळून २१० पैकी ६१ उरतात. बहुधा त्याहून कमीच असतील. हे मी तुला दुखवायला सांगत नाही. हे यासाठी सांगते की नर्सिंगला पास व्हायला ३५ पुरत नाहीत. तिथे पासिंग ५० टक्क्यांचं आहे, लेखीत वेगळं आणि प्रात्यक्षिकात वेगळं. हजेरी ८० टक्के लागते, आणि वॉर्डातल्या कामाचे तास तर शेवटी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. जीएनएमच्या पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, सायकॉलॉजी, नर्सिंग फाउंडेशन असं सगळं एकदम अंगावर येतं. बीएस्सीच्या पहिल्या सत्रातही अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच. सकाळी सातला वॉर्ड, दुपारी वर्ग, रात्री केस स्टडी लिहायची. पाया कच्चा असलेली मुलगी तिथे कशी गळते ते मी पाहिलं आहे. कसाबसा प्रवेश मिळवते, पहिल्या वर्षाला दोन विषय राहतात, घरचे म्हणतात फी कुठून आणायची, आणि ती घरी बसते. प्रवेशासाठी धडपडलेल्या मुलीचं असं झालं की मला रात्री झोप लागायची नाही. म्हणून तुझा प्रश्न 'प्रवेश मिळेल का' एवढाच असला, तरी मी त्याच्या पुढच्या वर्षाचंही उत्तर देतेय.

तर वाचायचं काय. बारावीच्या बायोलॉजीत १५ धडे आहेत. बोर्डासाठी सगळे कर, पण प्राण्यांमधलं पुनरुत्पादन, श्वसन आणि रक्ताभिसरण, नियंत्रण आणि समन्वय, मानवी आरोग्य आणि रोग हे चार धडे अशा रीतीने कर की पुस्तक मिटून तू ते आईला घरच्या भाषेत, बहुधा तेलुगूत, समजावून सांगू शकशील. हृदयाचे चार कप्पे, रक्त कुठून येतं, कुठे जातं, हे विड्यांच्या सुपाशेजारी बसून बोटाने जमिनीवर काढून दाखव. आईला कळलं म्हणजे तुला आलं. हेच चार धडे पुढे पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या रूपाने परत समोर येतात, म्हणजे एकाच कष्टाचं दोनदा फळ.

केमिस्ट्री-फिजिक्समध्ये सगळं जमणार नाही. जमायची गरजही नाही. धड्यामागच्या सोप्या व्याख्या, सूत्रं, एका पायरीची गणितं एवढं पक्कं केलंस तरी चौदा गुण या दोन विषयांतूनच निघतात. गणित मात्र टाकू नकोस. डॉक्टर लिहून जातात, ५०० मिली सलाईन चार तासांत. सेट २० थेंबांना एक मिली देणारा आहे. तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं. ४२ च्या आसपास. हे तुला वॉर्डात, समोर नातेवाईक उभे असताना, कागदाशिवाय करायचं असतं. किंवा बाळाला २५० मिलिग्रॅम औषध द्यायचंय आणि बाटलीवर लिहिलंय ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, तर किती मिली? दहा. तुला मॅथ्सला ३७ पडले तरी ही गणितं सातवी-आठवीचीच आहेत. रोज पाच कर.

इंग्रजी. तू बहुतेक घरी तेलुगू, गल्लीत मराठी, कॉलेजात मराठी-हिंदी मिसळून बोलत असशील. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुली स्वतःला भाषेत कच्च्या समजतात, आणि मला त्याचं दर वेळी नवल वाटायचं. सिव्हिलला येणारा रुग्ण कुठून येतो बघ: अक्कलकोट, विजयपूर, कलबुर्गी, धाराशिव, आणि शहरातला निम्मा पूर्व भाग. एक आजी दोन दिवस काही खात नव्हत्या. सगळे म्हणाले हट्टी आहेत. आमची एक विद्यार्थिनी त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलली, तेव्हा कळलं की कवळी घरी राहिली आहे आणि सांगायची लाज वाटते. ती विद्यार्थिनी अक्कलकोट तालुक्यातली, बारावीला ४३ टक्के, इंग्रजीत जेमतेम ४०. आज ती आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. तीन भाषा तुझ्याकडे आहेतच, चौथी थोडीशी हवी. बोर्डाच्या पेपरात अनसीन उतारा, व्याकरण आणि पत्र-रिपोर्ट लिहिणं यात गुण पटकन वाढतात. कवितांच्या गाइडमध्ये डोकं घालून बसू नकोस. रोज एक उतारा वाच आणि 'आज मी काय केलं' हे आठ ओळीत इंग्रजीत लिही. चुकीचं लिही, पण लिही. वॉर्डातला नर्सेस रिपोर्ट हा असाच असतो: किती वाजता काय झालं, काय दिलं, रुग्ण कसा आहे. तीच सवय आत्ता लाव.

आता पडताळणी, कारण तुझ्या बाबतीत १२१ ला किंमत आहे ती या कागदामुळे. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं. प्रवेशात वैधता मागतात. ओबीसीच्या दाव्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो: वडिलांकडच्या कुणाचा तरी, आजोबा, पणजोबा, आजोबांचे भाऊ. पूर्व भागातल्या बऱ्याच घरांचे वाडवडील तेलंगणातून मागावर काम करायला आले. कुटुंब त्या तारखेआधीपासून महाराष्ट्रात आहे हे दाखवावं लागतं. आजोबा महापालिकेच्या तेलुगू शाळेत शिकले असतील तर त्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा मिळतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावांचं, चुलत्यांचं बघा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी बघा. नातेवाइकांपैकी वडिलांच्या बाजूच्या कुणाला वैधता आधीच मिळाली असेल तर तुझं काम फार हलकं होतं, म्हणून काका-आत्यांना पहिला फोन कर. वंशावळीचं शपथपत्र वडिलांनी करायचं असतं. अर्ज ऑनलाइन, आणि पडताळणी समितीचं कार्यालय सोलापुरातच आहे. हे काम जूनमध्ये सुरू कर. नावातल्या एका अक्षराचा फरक, आजोबांचं नाव एका कागदावर 'नरसय्या' आणि दुसऱ्यावर 'नरसप्पा', एवढ्याने महिने जातात. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष संपतानाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवा, तो आयत्या वेळी संपलेला निघतो. उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखलाही आताच काढून ठेव. पुढच्या वर्षी गॅप सर्टिफिकेट लागेल, ते साधं शपथपत्र आहे, त्याची धास्ती घेऊ नकोस. वर्ष थांबलेल्या मुलीला नर्सिंगमध्ये कुणी नावं ठेवत नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. जुलै २०२४ पासून राज्य सरकारने आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर ही माफी नाही. हे वाक्य वडिलांना दोनदा वाचून दाखव. एजंट तुला जी 'खात्रीची सीट' विकतो ती बहुधा कोट्यातली असते, आणि त्याच कॉलेजमध्ये कॅपमधून गेलेल्या मुलीची फी सरकार भरत असतं. आईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची वेगळी शिष्यवृत्ती आहे, तिची चौकशी कर. ओळखपत्राचं नूतनीकरण राहिलं असेल तर करून घे.

आता त्या एक वर्षाच्या कोर्सचं. नर्सिंगमध्ये नोंदणी होते ती तीनच अभ्यासक्रमांच्या पायावर: एएनएम, जीएनएम, बीएस्सी. एक वर्षात नर्स होत नाही. 'नर्सिंग केअर', 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर' अशा नावांनी जे मिळतं त्याने दवाखान्यात मदतनीस म्हणून उभं राहता येतं, पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव लागत नाही. आणि नाव लागलं नाही तर सरकारी भरतीत फॉर्म भरता येत नाही, परदेश तर लांबच. माझ्याकडे एक मुलगी तिसऱ्या वर्षी रडत आली होती. असाच कोर्स, घरच्यांनी आईचं मंगळसूत्र गहाण ठेवलेलं, संस्थेचं सर्टिफिकेट सोनेरी अक्षरांचं, आणि नोंदणीच्या खिडकीवर सांगितलं की हा अभ्यासक्रम आमच्या यादीतच नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून एएनएम केलं. तिची तीन वर्षं मला आजही टोचतात.

कुठल्याही संस्थेला तीन गोष्टी विचार आणि उत्तर कागदावर माग. परीक्षा कोण घेतं? बीएस्सी असेल तर नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा एखादं मान्यताप्राप्त अभिमत विद्यापीठ, एएनएम-जीएनएम असेल तर राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. दुसरं उत्तर आलं की उठून ये. परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत या वर्षासाठी किती जागांसह नाव आहे? यादी ऑनलाइन दिसते. आणि मुली प्रॅक्टिकलला कुठल्या दवाखान्यात जातात? हा माझा आवडता प्रश्न. नाव सांगतात तिथे एक दिवस सकाळी जाऊन उभी राहा. विद्यार्थिनी गणवेशात वॉर्डात दिसल्या तर शाळा खरी. दिसल्या नाहीत तर इमारत कितीही चकचकीत असू दे, तिथे नर्सिंग शिकवत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक मोह असतो, कर्नाटकाचा. विजयपूर, कलबुर्गी जवळ, गाडीने जाऊन येता येतं. तिथे चांगल्या शाळा आहेत आणि तिथून शिकून आलेल्या उत्तम नर्सेसबरोबर मी काम केलं आहे. पण 'नाव तिकडे लावा, राहा घरीच, परीक्षेपुरतं या' असं कुणी म्हणालं तर हात जोड. नर्सिंग हे हाताने शिकायचं काम आहे. ज्या मुलीने तीन वर्षांत कुणाची शीर शोधली नाही, बेडसोअर धुतलं नाही, बाळाची नाळ कापलेली पाहिली नाही, तिच्या हातात रुग्ण द्यायचा कसा? आणि रीतसर शिकलीस तरी आधी तिकडच्या परिषदेत नोंदणी आणि मग ती महाराष्ट्रात आणणं, हा एक वेगळा व्याप आहे, त्याला वेळ धर.

काही जण म्हणतील, कोट्यातून पात्रतेचं 'अ‍ॅडजस्ट' करू. १२१ चे १३५ कुणीही करू शकत नाही. प्रवेशानंतर विद्यापीठ पात्रता तपासतं, प्रवेश नियामक प्राधिकरण तपासतं. सहा महिने वर्गात बसलेल्या मुलीचा प्रवेश रद्द झालेला मी पाहिला आहे. फी परत मिळाली नाही.

आजीचं. आजीच्या पिढीत रात्रपाळीला जाणाऱ्या बाईकडे लोक कसे बघायचे ते मला माहीत आहे, मी स्वतः त्यातून गेले. तिच्याशी भांडू नकोस. चीनमध्ये युद्धातल्या जखमींची सेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचं भैय्या चौकातलं स्मारक तिला दाखवून आण. सगळं सोलापूर डॉक्टरांचं नाव घेतं, पण त्यांच्या पत्नी, क्वो छिंगलान, परिचारिका होत्या, युद्धाच्या दिवसांत त्याच कामात दोघं एकत्र आले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि ते नाही जमलं तर आजीचं बीपी तपासायला शीक. आठवड्यातून दोनदा, वहीत तारीख घालून लिही. माझ्या आईचा विरोध असाच मावळला होता.

या वर्षात घरखर्चाला हातभार लावायचा असेल तर एखाद्या नर्सिंग होममध्ये सकाळचे चार तास रिसेप्शनला किंवा नोंदी ठेवायला काम बघ. इंजेक्शन द्यायला कुणी सांगितलं तर नाही म्हण. नोंदणी नसताना ते करणं तुझ्यासाठीही धोक्याचं आणि रुग्णासाठीही. पण वॉर्डाचा वास, रडणारे नातेवाईक, रात्रीची शांतता, हे तुला सहन होतं का, आवडतं का, हे तिथे कळेल. रक्त बघून चक्कर येते म्हणून घाबरलेल्या मुली पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये रमल्या आहेत. उलट्या-शौच साफ करायची किळस ज्यांची गेलीच नाही, त्यांचे मात्र फार हाल झाले.

आणि एक राहिलं. प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं, आणि तुझ्या वयाच्या मुलींचं हिमोग्लोबिन बघून मला दर वर्षी धक्का बसायचा. जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घे, कमी असेल तर लोहाच्या गोळ्या तिथेच मिळतात. चहा जेवणाला लागून घेऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. तिथेच हिपॅटायटिस बीच्या लसीबद्दल विचार. लहानपणी पूर्ण झाली असल्याचं कार्ड घरी सापडलं तर उत्तम, नसेल तर तीन डोस लागतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. सुई टोचायचा अपघात कुठल्याही विद्यार्थिनीला कधीही होऊ शकतो. जूनमध्ये पहिला डोस घेतलास तर तिसरा डिसेंबरात होईल, सीईटीची वेबसाइट बघायला लागशील त्याच सुमारास.